सोळा दिवस, तीन खंड आणि सोमवारची हजेरी

या भागाचं हे लेखी रूप. लोकलच्या गर्दीत ज्यांना आकडे नीट ऐकू आले नाहीत, त्यांना निवांत बघता यावेत म्हणून. बोलण्यातला पसारा थोडा आवरलाय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. नोकरी सोडायची नाही, बिनपगारी रजा मागायची नाही, तरी एका खंडातून दुसऱ्या खंडात बाइकने जायचंय. जमतं का? जमतं. पण त्यासाठी 'वेगात जाणं' म्हणजे नेमकं काय, हे आधी डोक्यात स्पष्ट हवं.

दोन टोकं बघू. टेड सायमन नावाचे ब्रिटिश पत्रकार १९७३ मध्ये ५०० सीसीच्या ट्रायम्फवर बसून जगप्रवासाला निघाले आणि १९७७ मध्ये परतले. चार वर्षं, सुमारे एक लाख किलोमीटर. सरासरी काढली तर दिवसाला ७० किलोमीटर. आता दुसरं टोक. २००२ मध्ये केव्हिन आणि ज्युलिया सँडर्स या जोडप्याने बाइकवरून पृथ्वीप्रदक्षिणेचा गिनेस विक्रम केला. १९ दिवस, ८ तास, २५ मिनिटं आणि ३१,३१९ किलोमीटर. म्हणजे दिवसाला सोळाशेच्या वर!

आपण या दोघांपैकी कोणीच नाही. आपल्याकडे चार वर्षं नाहीत, आणि विक्रम करणाऱ्यांची तयारीही नाही. आपल्याकडे काय आहे? दहा रजा. शनिवारी सुरुवात करून तिसऱ्या रविवारी संपवलं तर दहा रजांमध्ये तीन शनिवार-रविवार जोडून सोळा दिवस होतात. सतराव्या दिवशी सोमवारी ऑफिसात हजर. आजचं सगळं गणित या सोळा दिवसांचं.

वेळ जातो कुठे?

आधी एक छोटा हिशोब. समजा आज ६०० किलोमीटर जायचंय. ताशी १०० ने सलग चालवलं तर सहा तास, १२० ने पाच तास. वाचला एक तास. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० चे १२० केले की तो जवळजवळ दीडपट होतो. पेट्रोल जास्त जातं, टाकी लवकर रिकामी होते आणि पंपावरचा एक थांबा वाढतो. वाऱ्याच्या माराने मान आणि खांदे आखडतात, म्हणून चहाचा थांबाही लांबतो. वाचवलेला तास असा परत केला जातो.

उलट बघा. दिवसात चार थांबे आहेत आणि प्रत्येक थांबा ३५ मिनिटांऐवजी २० मिनिटांत उरकला, तर तोच एक तास वाचतो. त्यासाठी धोका पत्करावा लागत नाही, दंडाची पावती येत नाही. म्हणजे पाणी टँक बॅगमध्ये, कार्ड बाहीच्या खिशात, हेल्मेट काढायचं तर जेवतानाच. लांब पल्ल्याचे मुरलेले रायडर जोरात चालवत नाहीत. ते थांब्यावर वेळ घालवत नाहीत.

पण याहून मोठा वेळ तिसरीकडेच जातो. सीमेवर, बंदरात, कस्टम्सच्या खिडकीसमोर. तिथे तुमचं इंजिन किती सीसीचं आहे याने काहीच फरक पडत नाही. म्हणून आंतरखंडीय प्रवासात रस्ता आखण्याआधी कागद आखायचे.

एक खरा मार्ग घेऊ

हवेत बोलण्यापेक्षा एक मार्ग हातात घेऊ. इस्तंबूलचा आशियाई किनारा ते आफ्रिकेतलं टँजियर. आशिया, युरोप, आफ्रिका. तीन खंड.

पूर्ण रस्त्याने, बाल्कन देश आणि उत्तर इटलीतून गेलात तर स्पेनच्या दक्षिण टोकापर्यंत साधारण ४,००० किलोमीटर होतात. पण भूमध्य समुद्राच्या फेरीबोटी बाइक घेतात, आणि इथे खरी गंमत आहे. ग्रीसमध्ये तुर्कस्तानच्या सीमेपासून पश्चिमेच्या इगुमेनित्सा बंदरापर्यंत एग्नातिया ओडोस नावाचा ६७० किलोमीटरचा महामार्ग जातो. इगुमेनित्साहून रात्रीची बोट धरली की सकाळी इटलीतल्या बारीला. बारीहून रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरापर्यंत पाचशेच्या आसपास किलोमीटर. तिथून बार्सिलोनाची बोट, सुमारे वीस तासांची. मग स्पेनच्या किनाऱ्याने दोन दिवसांत तारिफा, आणि तारिफाहून तासाभराच्या बोटीने टँजियर. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे.

या मार्गात बाइक चालवायची ती साधारण २,६०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर तुम्ही झोपलेले असताना कापले जातात. प्रवास चालू, आणि शरीराला विश्रांती. कमी सुट्टीवाल्या माणसाला यापेक्षा स्वस्त वेळ मिळत नाही.

आणखी एक फायदा. ग्रीसमध्ये शिरल्यावर इटली, स्पेन हे सगळं शेंगेन क्षेत्र आहे, मध्ये पासपोर्टची रांग नाही. सर्बियातून जाणारा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पण सर्बिया शेंगेनमध्ये नाही. आत जाताना एक चौकी, बाहेर पडताना दुसरी. नकाशा किलोमीटर दाखवतो, रांग दाखवत नाही.

बाइक समुद्रात, तुम्ही ऑफिसात

आता भारतातून बाइक इस्तंबूलला न्यायची कशी? पाकिस्तानमार्गे जाणं भारतीयांसाठी आधीपासूनच अवघड होतं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारीची चौकी बंद केली. चीनमधून जायचं तर तिथला गाइड, तिथला तात्पुरता परवाना, तिथली नंबरप्लेट. आपला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट चीन मानत नाही. सोळा दिवसांत हे बसत नाही.

म्हणून जहाज. न्हावाशेवाहून कंटेनर जातो. लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, त्यामुळे युरोपच्या वाटेवर दहा-बारा दिवस सहज वाढले. पण नोकरदाराला याचा त्रास कमी होतो, कारण बाइक समुद्रात असताना तुम्ही रोज ऑफिसला जाताय. हा वेळ रजेतून कापला जात नाही. अट एकच. कंटेनर बंदरात उतरल्याचं एजंटने कळवल्याशिवाय विमानाचं तिकीट काढायचं नाही, किंवा तारीख बदलता येईल असंच काढायचं.

दोन घड्याळं

इथे जरा लक्ष द्या, कारण बहुतेक प्लॅन इथेच फसतात. लांबच्या प्रवासात दोन वेगळी घड्याळं चालू असतात. एक तुमचं, एक बाइकचं. तुमचा व्हिसा आणि बाइकची कस्टम्स मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमचं घड्याळ: शेंगेनचा नियम १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली, त्यामुळे दिवस मोजताना यंत्र चुकत नाही. पण आपल्या मार्गात दिवसांपेक्षा महत्त्वाचं आहे ते 'मल्टिपल एंट्री'. तुम्ही ग्रीसमध्ये शिरलात ही पहिली एंट्री. टँजियरहून परत स्पेनला आलात ही दुसरी. सिंगल एंट्रीचा व्हिसा असेल तर मोरोक्कोत अडकलात. शेंगेन आधी काढायचा, कारण चालू शेंगेन व्हिसा असेल तर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. मोरोक्कोचाही ई-व्हिसा आहे. व्हिसांचा क्रम चुकला तर महिना जातो.

बाइकचं घड्याळ: युरोपीय संघात बाहेरच्या देशात राहणाऱ्या माणसाची खासगी गाडी तात्पुरती सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. तेवढ्या काळात बाइक तिथे उभी करून तुम्ही विमानाने घरी येऊन परत जाऊ शकता. तुर्कस्तान आणि मोरोक्को मात्र वेगळे आहेत. तिथे गाडी तुमच्या नावावर आत घेतल्याची नोंद होते. गाडी मागे ठेवून एकट्याने देश सोडायचा तर आधी कस्टम्सकडे तिची व्यवस्था लावावी लागते. विमानतळावर 'गाडी कुठाय?' असा प्रश्न येतो.

तिसरा कागद कार्नेट. ही बाइकच्या पासपोर्टसारखी वही, मुदत एक वर्ष. आपल्याकडे मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून मिळते. तुर्कस्तान आणि युरोपात ती सक्तीची नाही, पण भारतातून बाइक तात्पुरती बाहेर नेऊन परत आणताना तिचा उपयोग होतो. ती काढताना मोठी अनामत लागते. प्रत्येक पानावर येण्याचा आणि जाण्याचा वेगळा भाग असतो. जाण्याचा शिक्का राहिला की अनामत अडकली.

विम्याचंही बघा. युरोपच्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत भारत नाही. त्यामुळे आपला इथला विमा तिथे चालत नाही, सीमाविमा घ्यावा लागतो. तो प्रत्येक चौकीवर मिळेलच असं धरायचं नाही. निघण्याआधी विचारून ठेवायचं.

मोडता येईल असा प्लॅन

आता मुद्द्यावर येतो. घट्ट प्लॅन म्हणजे चांगला प्लॅन, असं आपल्याला वाटतं. सगळे दिवस भरलेले, सगळी हॉटेलं बुक. माझं मत उलटं आहे. नोकरी सांभाळून करायच्या प्रवासाचा प्लॅन मधूनच मोडता आला पाहिजे. म्हणजे कुठल्या दिवशी, कुठल्या गावात 'आता बास' म्हणून बाइक कायदेशीर उभी करून विमानाने घरी येता येईल, हे आधीच कागदावर लिहिलेलं पाहिजे.

का? कारण असा प्लॅन नसेल तर सोमवारची हजेरी तुमच्या हातून अॅक्सिलरेटर पिळते. एक दिवस पावसात गेला, एक बोट चुकली, की मागे पडलेले ३०० किलोमीटर रात्री चालवून भरून काढायचा मोह होतो. आणि रात्रीचं चालवणं म्हणजे काय ते आकड्यात ऐका. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलंय. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे एक थेंबही न घेता तुम्ही कायद्याच्या भाषेत प्यायलेले. ताशी १०० ने जाणारी बाइक सेकंदाला २८ मीटर सरकते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर कोणीच बाइक चालवत नाहीये. कारमध्ये एअरबॅग असते. आपल्याकडे जॅकेट असतं.

तर सोळा दिवस असे मांडू.

पहिला शनिवार: घरी. होय, घरी. रजेआधीचे दोन दिवस हँडओव्हरमध्ये मध्यरात्र होतेच. ती झोप भरून काढायची. झोपेची उधारी घेऊन निघायचं नाही. आणि तसंही रविवारी कस्टम्स बंदच.

रविवार: विमान. सोमवार-मंगळवार: इस्तंबूलच्या बंदरात कागदपत्रं आणि बाइक ताब्यात. बुधवार: सीमा ओलांडून ग्रीसमधलं अलेक्झांड्रूपोली, साधारण ३०० किलोमीटर. सीमेच्या दिवशी एवढंच. गुरुवार: इगुमेनित्सा आणि रात्रीची बोट. शुक्रवार: बारी ते चिवितावेक्किया. दुसरा शनिवार: राखीव, रात्री बार्सिलोनाची बोट. रविवार: समुद्र. सोमवार-मंगळवार: तारिफापर्यंत अकराशेच्या आसपास किलोमीटर. बुधवार: टँजियर. गुरुवार: शंभरेक किलोमीटरवरचं निळं गाव शेफशावेन, किंवा राखीव. शुक्रवार: परत स्पेन. तिसरा शनिवार: बाइक सशुल्क पार्किंगमध्ये किंवा शिपिंग एजंटकडे. रविवार: विमान. बोटी रोज सुटतातच असं नाही, म्हणून रजेची तारीख बोटींचं वेळापत्रक बघून ठरवायची, उलट नाही.

आता यात मोडायच्या जागा बघा. पहिली चिवितावेक्किया. शनिवारी दुपारपर्यंत तिथे पोचला नाहीत तर आफ्रिका रद्द. बाइक इटलीत उभी करायची, रोम फिरायचं, घरी यायचं. दुसरी जागा तारिफा. मंगळवारी रात्री तिथे नसाल तर मोरोक्को रद्द. दोन्ही जागा युरोपीय संघात आहेत, तिथे बाइकला सहा महिने आहेत. पुढच्या रजेत तिथूनच सुरू करता येतं. म्हणूनच शेवटही टँजियरला ठेवला नाही, स्पेनमध्ये ठेवला. मोरोक्कोत बाइक सोडून येणं म्हणजे प्रवासाच्या शेवटच्या दिवशी सर्वात अवघड कागद हातात घेणं.

हे दोन 'रद्द' घरून निघण्याआधी लिहायचे. थकलेलं डोकं तिथे उभं राहून योग्य निर्णय घेत नाही. ते फक्त आधी घेतलेला निर्णय पाळू शकतं. तेही कागदावर असेल तर.

ऑफिसचं काय?

'लॅपटॉप घेतो, संध्याकाळी दोन तास काम करतो.' हे गोड स्वप्न आहे. स्पेन उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपली सकाळी दहाची मीटिंग तिथे साडेसहाला. त्यासाठी पाचला उठायचं, मग सहा तास बाइक चालवायची. तेच १७ तास परत आले. शिवाय पर्यटक व्हिसावर काम करणं आणि कंपनीचा लॅपटॉप परदेशात उघडणं, या दोन्हींचे नियम असतात. रजा घेतली तर रजाच घ्या. कोणत्या कामासाठी कोणाला फोन करायचा याची एक पानाची यादी मागे ठेवा.

महिना निवडताना १५ जून ते १५ सप्टेंबर टाळा. या काळात युरोपात राहणारे मोरोक्कन लोक गाड्या भरभरून गावी जातात आणि सामुद्रधुनीच्या बंदरांवर तुडुंब रांगा लागतात. दक्षिण स्पेनचं ऊनही तेव्हा आपल्या विदर्भासारखं. मे किंवा सप्टेंबरअखेर बरा.

सराव कुठे करायचा?

एक अडचण आपली खास आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे असो की समृद्धी, दुचाकीला बंदी. म्हणजे इटलीच्या महामार्गावर १३० ची मर्यादा असलेल्या वाहतुकीत तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा शिरणार, तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने. म्हणून पहिले दोन दिवस हातचं राखून. आणि सर्वात जपायचा क्षण चौकातला नसतो. सकाळी पंपातून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना हात सवयीने डावीकडे वळतो. टाकीवर उजवीकडे बाण काढलेला कागद चिकटवा. हसतील लोक, हसू देत.

सरावासाठी पुणे-बंगळूर हायवे चांगला. एकदाच ८०० किलोमीटर मारून फोटो टाकू नका. त्यातून काही कळत नाही. सलग तीन दिवस रोज ५०० करा. पहिल्या दिवशी बाइक कळते, दुसऱ्या दिवशी सीट कळते, तिसऱ्या दिवशी आपण कळतो. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चारमध्ये, जेवणानंतरच्या सुस्तीत, डोळे किती जड होतात ते लिहून ठेवा. तोच तुमचा खरा रोजचा आकडा ठरवणार. तो ३५० निघाला तर ३५० धरा, आणि मार्ग तेवढा लहान करा.

एवढं करून तुम्ही टँजियरला पोचालच, असं मी म्हणत नाही. चिवितावेक्कियाहून परत आलात तर दोन खंड झाले, बाइक युरोपात सुरक्षित, नोकरी शाबूत, आणि पुढच्या रजेचा प्लॅन अर्धा तयार. वाईट सौदा नाही.

तुमच्या डोक्यात कोणता मार्ग आहे आणि तो कुठे मोडता येतो, ते खाली लिहा. किलोमीटर नंतर सांगा, मोडायची जागा आधी. निवडक मार्ग पुढच्या भागात घेऊ. तोवर हेल्मेटचा पट्टा लावा, आणि झोप पूर्ण करा. भेटू!